हैदराबाद मुक्तिसंग्रामातील एक उर्दू पत्रक

आज तेलंगणाच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात असलेले बेज्जूर 1948 मध्ये हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होते. संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी. राज्यकारभार मात्र उर्दूतून चाले. त्यामुळे उर्दू म्हणजे निजामाची आणि पर्यायाने रझाकारांची भाषा, असा समज रूढ झाला. त्याच उर्दूत स्वातंत्र्याच्या बाजूने प्रसिद्ध झालेल्या एका पत्रकाकडे येथे लक्ष वेधावयाचे आहे.

29 नोव्हेंबर 1947 रोजी निजामाने भारताशी ‘जैसे थे’ करार केला. विलीनीकरण मात्र टाळले. कासिम रझवींच्या रझाकार संघटनेने संस्थानातील समस्त मुस्लिमांच्या वतीने बोलण्याचा दावा चालविला होता. ऑगस्ट 1948 मध्ये सात मुस्लिम गृहस्थांनी संयुक्त पत्रक काढून तो खोडून काढला. रझाकार संघटना बरखास्त करावी व संस्थान भारतात विलीन करावे, ही त्यांची मागणी होती. बाकर अली मिर्झा, मंझूर यार जंग, मुल्ला अब्दुल बासित व फरीद मिर्झा हे त्यांपैकी होत. फरीद मिर्झांनी नांदेड जिल्ह्यात महसूल अधिकारी असताना रझाकारांच्या अत्याचारांच्या निषेधार्थ नोकरी सोडली होती.

शोएबुल्ला खान यांनी आपल्या ‘इमरोज’ या दैनिकात हे पत्रक छापले. ते उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर होते. 21-22 ऑगस्टच्या रात्री काचीगुडा येथे त्यांच्यावर हल्ला झाला, त्यांचा हात तोडण्यात आला आणि वयाच्या 27 व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

13 ते 17 सप्टेंबरच्या पोलीस कारवाईच्या काळात व त्यानंतर अनेक निरपराध मुस्लिमांना सूडाला बळी पडावे लागले. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा किमान अंदाज 27 ते 40 हजार इतका वर्तविला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मुस्लिम म्हणजे रझाकार, हे गृहीतक रझाकारांचे होते, तसेच सूड घेणाऱ्यांचेही होते. सात स्वाक्षऱ्यांच्या त्या पत्रकाने नेमके तेच नाकारले होते.

दरवर्षी 17 सप्टेंबरला महाविद्यालयांत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. त्या दिवशी स्वामी रामानंद तीर्थांसोबत शोएबुल्ला खान आणि हे पत्रकही विद्यार्थ्यांसमोर ठेवले, तर मुक्तिसंग्रामाचा इतिहास त्यांना अधिक पूर्णपणे उमगेल.