कूपरेजचे मैदान आणि आपण

देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघालेला आपल्या गावचा माणूस सकाळी मुंबईस उतरतो. मंत्रालयात काम असले तरी कचेऱ्या उघडण्यास अवकाश असतो. मग हातात कागदांची पिशवी घेऊन तो ओव्हल मैदानाच्या कडेने चालू लागतो. एका अंगास राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाची इमारत, दुसऱ्या अंगास गोलाईदार सज्जांच्या जुन्या तीस-चाळीस सालच्या धाटणीच्या इमारती. २०१८ साली युनेस्कोने हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत घातला, तेव्हापासून तेथे छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते. मात्र तेथून मंत्रालयाकडे जाताना महर्षी कर्वे रस्त्यावर जे एक कुंपणातले मैदान लागते, त्याच्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. हे कूपरेजचे मैदान. आम्हीही कितीतरी वेळा त्याच्यावरून तसेच पुढे गेलो आहोत. इतिहासाचा नाद असलेल्या माणसाने असे करावे याची आता आम्हांस थोडी लाज वाटते, कारण त्या कुंपणाच्या आत आपल्याही इतिहासाचे एक पान पडलेले आहे.

नावाचा उलगडा सोपा आहे. लाकडी पिंपे बांधणाऱ्या कारागिरास इंग्रजीत ‘कूपर’ म्हणतात, आणि त्यांच्या कामाची जागा ती कूपरेज. जहाजावर पाणी, दारू, खारवलेले मांस सारे पिंपांतून जाई. तेव्हा बंदराच्या गावी पिंपांचा कारखाना असणे ओघानेच आले. कारखाना गेला, पिंपे गेली, नाव मात्र जमिनीस चिकटून राहिले. आपल्याकडे पाणचक्कीचे दळण थांबले तरी पाणचक्की ती पाणचक्कीच, तसेच हे.

फुटबॉल मुंबईत आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा तिच्याहून तीनच वर्षांनी वडील. रोव्हर्सचा पहिला चषक वूस्टर पलटणीने नेला, आणि पुढे पुष्कळ वर्षे तो एका पलटणीकडून दुसऱ्या पलटणीकडे फिरत राहिला. १९०२ मध्ये मुंबईच्या संघांची हारवुड लीग निघाली, १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही संस्था उभी राहिली, आणि कालांतराने कूपरेज हे तिचे व रोव्हर्स स्पर्धेचे घर म्हणून ओळखले जाऊ लागले. हिंदी संघास या खेळात प्रेक्षकाच्या जागेवरून खेळाडूच्या जागेवर येण्यास किती काळ लागला पाहा: १९२३ साली कलकत्त्याचा मोहनबागान अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून चार विरुद्ध एक गोलाने हरला. चषक प्रथम हिंदी हातांत पडला तो १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स या संघाच्या. म्हणजे स्पर्धा सुरू झाल्यापासून शेहेचाळीस वर्षांनी.

येथपर्यंतची हकीगत मुंबईची, कलकत्त्याची आणि बंगलोरची झाली. आता आपली.

१९५० साली रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. १९५१ साली पुन्हा त्यांनीच. १९५२, १९५३, १९५४ — पाच वर्षे लागोपाठ! त्याच १९५० साली त्यांनी ड्युरँडही नेला होता. या पाच वर्षांत औरंगाबाद कोणत्या राज्यात होते? आमच्या श्रोत्यांपैकी वडीलधाऱ्यांस हे सांगावयास नको. परंतु तरुणांस सांगितले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी संपली, तरी हैदराबाद राज्य संपले नव्हते. ते १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत होते आणि मराठवाडा त्याचाच भाग होता. म्हणजे कूपरेजवर सलग पाच वर्षे जो संघ मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत चषक उचलून नेत होता, तो कागदोपत्री आपल्या राज्याचा संघ होता. नूर महंमद, अझीजुद्दीन ही त्यातली नावे देशाच्या संघातही झळकली.

या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले. त्याच विद्यापीठाला जोडलेले इंटरमीजिएट कॉलेज आपल्या गावी १९२३ पासून होते, आजचे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय ते हेच. रहीमसाहेबांची शिकवण्याची रीत मास्तरांचीच होती. ज्याचा उजवा पाय तयार, त्यास ते केवळ डाव्या पायाने सामने खेळावयास लावीत. चेंडू पायाशी घोळवीत बसण्यास बंदी असलेल्या स्पर्धा भरवीत, जेणेकरून चेंडू दुसऱ्यास देण्याची सवय लागावी. आपल्याकडे तेव्हा कित्येक खेळाडू अनवाणी खेळत आणि सामनेही नव्वद मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला, तेव्हा कोठे बूट सक्तीचे झाले.

मग या पराक्रमाची आठवण आपल्या गावात का राहिली नाही? याचे उत्तर आम्हांस अवघड वाटत नाही, पण ते सांगताना जीभ थोडी अडखळते. ‘हैदराबादचे पोलीस’ हे शब्द १९५० साली मराठवाड्यातील माणसाच्या कानी कसे पडत असतील? मुक्तिसंग्रामात ज्यांनी तुरुंग भोगले, ज्यांची गावे रझाकारांनी जाळली, त्यांच्या घरी दोनच वर्षांनी पोलिसांच्या संघाच्या विजयाचे पेढे वाटले जावेत ही अपेक्षाच गैर ठरली असती. लोकांचे मन हैदराबादकडे नव्हते. ते मराठी राज्याकडे लागलेले होते. त्या मनास आम्ही दोष देत नाही. परंतु इतिहास लिहिणाराने त्या मनाच्या मर्यादा नोंदविल्या पाहिजेत. निजामाची सत्ता आणि नामपल्ली-काचिगुड्याच्या गल्ल्यांतून आलेली, चेंडूमागे धावणारी गरीब पोरे ही दोन निराळी माणसे होत. एकीचा हिशेब चुकता करताना आपण दुसऱ्यांचेही खाते बंद करून टाकले.

आणि तारखांचा योगायोग असा, की तो कोणी रचून सांगितला असता तर आम्ही विश्वास ठेवला नसता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियास चार विरुद्ध दोन गोलांनी हरविले. शिकवणारे हैदराबादचे रहीमसाहेब, आणि चारांपैकी तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा! ऑलिंपिकमध्ये तीन गोल एकाच सामन्यात करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. जुने राज्य आणि नवे राज्य, दोन्ही त्या दिवशी एका बाजूने खेळत होती. पुढे उपांत्य सामन्यात आपण हरलो, चौथे आलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये याहून वर आपण अद्यापि गेलेलो नाही.

१९५७ साली हैदराबादच्या पोलिसांनी रोव्हर्स पुन्हा जिंकला. मैदान तेच, संघ तोच. पण या खेपेस आपल्या दृष्टीने ते पाहुणे होते आणि कूपरेज आपल्या राजधानीत होते. दुसऱ्या वर्षी मुंबईच्या कॅलटेक्सने चषक घरी ठेवला. रहीमसाहेबांनी १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत देशास सुवर्णपदक मिळवून दिले आणि पुढच्याच वर्षी ते कर्करोगाने गेले. अलीकडे २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, तेव्हा पुष्कळांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

कूपरेजची रया त्यानंतर बरीच वर्षे टिकून होती. टाटा, मफतलाल, रेल्वे यांच्या संघांचे सामने, गोवेकर आणि दक्षिणेकडील मंडळींनी भरलेल्या बाकांची रांग, दिलीपकुमारांसारखे चित्रपटातील शौकीन. पण हळूहळू गिरण्या आणि कंपन्यांनी संघ मोडले, लोकांचे लक्ष क्रिकेटकडे वळले, आणि २०००-०१ नंतर रोव्हर्स स्पर्धाच भरेनाशी झाली. २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा संघही २०१० साली बंद करण्यात आला. चषकांचे मोठे सामने आता अन्यत्र होतात. नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ साली सुरू झाले ते मुख्यतः क्रिकेटसाठी. तरी २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना आणि २०२२ साली त्याच वयाच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना तेथेच झाला. स्टेडियम भव्य आहे, बसावयास सुखाचे आहे.

परंतु खुर्च्यांनी मैदान भरत नाही. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानात भारताने चिनी तैपेईस पाच गोलांनी हरविले, तो पाहावयास अवघी २,५६९ माणसे होती. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री याने लोकांना हात जोडून विनविले, की आम्हांला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनला भर पावसात अंधेरीचे मैदान गच्च भरले. तो छेत्रीचा शंभरावा सामना होता. केनियाविरुद्धच्या तीन गोलांपैकी दोन त्याचे.

कूपरेजवर आता हिरवळ खरी नाही, कृत्रिम आहे; पावसाळ्यात चिखल होत नाही, एवढी तिची सोय. चर्चगेट स्टेशनापासून ओव्हलच्या कडेने चालत गेले की पंधरा-वीस मिनिटांत फाटक येते. मागल्या खेपेस आम्ही फाटकाशी उभे राहिलो, तेव्हा आत पोरांचा सराव चालला होता आणि त्यांचे मास्तर ओरडून सांगत होते, “डाव्या पायाने मार, डाव्या!”