हंगामाआधीचे नाटक : झाडीपट्टीतील प्रेक्षकांच्या अपेक्षांचा इतिहास

चित्रपटाच्या धंद्यात उन्हाळा हा मोठा हंगाम समजला जातो आणि त्याचे मुख्य कारण शाळा-महाविद्यालयांच्या सुट्ट्या हे आहे. अमेरिकेत जून १९७५ मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ एकाच दिवशी शेकडो चित्रपटगृहांत लागला, तेव्हापासून तेथील मोठे निर्माते उन्हाळ्यावर डोळा ठेवून चित्रपट आखू लागले. मराठीत नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी, म्हणजे परीक्षा आटोपल्यावर, पडद्यावर आला. शहरातील मित्रमंडळी मार्च-एप्रिलमध्ये येणाऱ्या चित्रपटांविषयी आडाखे बांधतात, त्याला हे वेळापत्रक कारणीभूत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांतील खेड्यांना मात्र ते लागू पडत नाही. येथे होळीच्या सुमारास मोहफुले वेचणे सुरू होते, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी असते, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पहाटे जंगलात गेलेली माणसे दुपारी घरी येऊन पत्त्यांचे पुडे बांधत बसतात. सवड आणि हातात पैसा या दोन्ही गोष्टी येथे धान घरात आल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, एकत्र येतात. त्यामुळे ‘यंदा काय पाहायचे’ ही चर्चा उन्हाळ्यात न होता पावसाळ्याच्या शेवटी होते आणि तिचा विषय चित्रपट नसून नाटक असतो.

हा प्रदेश झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील दाट वनांचा व धानशेतीचा हा पट्टा असून, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला, तरी नाटकाच्या बाबतीत या जिल्ह्यांच्या सीमांना आजही काही अर्थ नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, कुरखेडा या तालुक्यांतील गावे एकमेकांची नाटके पाहतात, एकमेकांशी सोयरिकी करतात आणि पुष्कळदा या दोन्ही गोष्टी एकाच मुक्कामात उरकतात.

नाटकापूर्वी येथे दंडार होती. गावातील पुरुषांनी वाद्यांच्या साथीवर नृत्य, गाणी आणि सोंगे यांतून उभा केलेला हा लोकनाट्यप्रकार असून त्याच्या जोडीने खडी गंमत, म्हणजे शाहीर व त्याचे साथीदार उभ्याने सादर करीत ती तमाशाच्या जवळची करमणूक, रूढ होती. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि झाडीपट्टीची लोककला यांचा जो चिकाटीने अभ्यास केला, त्यामुळे हे प्रकार मराठी वाचकांना परिचित झाले. या खेळांचे ठिकाण म्हणजे मंडई. भाऊबीजेपासून गावोगावी आळीपाळीने भरणाऱ्या जत्रेला येथे मंडई म्हणतात. तिला सासरी गेलेल्या मुली, जावई आणि पाहुणे आवर्जून बोलावले जातात. दंडारीच्या काळातील प्रेक्षकाला कथा आधीच ठाऊक असे व कलावंतही गावचेच असत, म्हणून उत्सुकता कथानकाविषयी नसे. कोण कोणते सोंग घेणार आणि मागील वर्षीपेक्षा ते कसे वठणार, एवढ्यापुरती ती मर्यादित असे.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने १८८० मध्ये संगीत नाटकाला वळण दिले, हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्या परंपरेतील तीन अंकी, पदांनी भरलेले नाटक झाडीपट्टीत रुजले ते मुख्यतः हौशी मंडळांमुळे. गावातील होतकरू तरुण छापील नाटकाची प्रत मिळवीत, रात्री तालमी करीत, स्त्रीभूमिका पुरुषच करीत आणि खर्चाला मालगुजार (गावचा जमीनदार) किंवा गावची वर्गणी आधार देई. पुढे स्त्रीभूमिकांसाठी बाहेरगावच्या अभिनेत्री मानधन देऊन आणण्याची प्रथा पडली. वरवर किरकोळ दिसणारा हा बदल निर्णायक मानला पाहिजे, कारण बाहेरून येणाऱ्या एका कलावतीसाठी तारीख ठरवावी लागली, तारखेसाठी आगाऊ पैसे द्यावे लागले आणि आगाऊ पैसे दिल्यावर खर्च भरून काढण्यासाठी तिकीट लावावे लागले. गावचे नाटक धंद्याकडे झुकले ते या वाटेने.

आज सर्वत्र दिसणारी पद्धत त्या प्रथेचीच वाढलेली आवृत्ती आहे. गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावरील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे गडचिरोली जिल्ह्यातील गाव या व्यवसायाचे केंद्र बनले असून हंगामात तेथे नाट्यकंपन्यांची कार्यालये उघडतात व दर्शनी भागात नाटकांचे आणि कलावंतांचे फलक लागतात. कंपनी प्रयोग स्वतः लावत नाही. एखाद्या गावचे मंडळ वडशाला येते, नाटक निवडते, रक्कम ठरवते, बयाणा देते आणि तारीख पक्की करते. मंडप, तिकीट व जाहिरात ही जबाबदारी मंडळाची असते. नफा झाला तर तो मंदिर, समाजमंदिर किंवा गावच्या एखाद्या कामाला लागतो आणि तोटा झाला तर मंडळातील चार मुलांच्या घरी कुरबुर होते.

या व्यवहारातील एक गोष्ट नाट्येतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही. चित्रपटाविषयी बोलणाऱ्या शहरी मित्रांची अपेक्षा फोल ठरली, तर त्यांचे एका तिकिटाचे पैसे बुडतात आणि चित्रपट मात्र त्या बोलण्यापूर्वीच तयार झालेला असतो. झाडीपट्टीत पानठेल्यावर किंवा पारावर बसलेले तरुण ‘यंदा कोनाची कंपनी आनाची’ असे जेव्हा एकमेकांना विचारतात, तेव्हा नव्या नाटकाचे पुष्कळदा नाव आणि नटसंच एवढेच ठरलेले असते, आणि त्या गप्पांच्या आधारावर बयाणा दिला जातो. म्हणजे येथे अपेक्षा हेच भांडवल आहे. नाटक पाहून पसंत करण्याची सोय नसल्याने मंडळ तीन-चार खुणांवर विसंबते: विनोदी नट कोण आहे, गाणारा कोण आहे, नृत्याला कोण येणार आहे आणि नाव कसे आहे. नवरगावच्या सदानंद बोरकर यांच्या ‘माझं कुंकू मीच पुसलं’ या नावाकडे पाहिले म्हणजे फलकावरून धावत्या नजरेला काय हवे असते याची कल्पना येते. समीक्षक अशा नावांना भडक म्हणतात. पण ज्या नाटकाची विक्री त्याच्या पहिल्या प्रयोगाआधी व्हायची आहे, त्याच्या नावाला जाहिरात, परीक्षण आणि शिफारस ही तिन्ही कामे एकट्याने करावी लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तो आक्षेप बराच सौम्य होतो.

विनोदी नटाचे महत्त्व याच रचनेतून आले. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना विदर्भाचे दादा कोंडके म्हणून ओळखले जाते. त्यांनी सुमारे ८०० भूमिका आणि ५,००० प्रयोग केल्याची नोंद असून २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नाटक नवे असले, लेखक अपरिचित असला, तरी फलकावर असा एखादा चेहरा दिसला की मंडळ निर्धास्त होत असे.

अपेक्षा प्रत्यक्षात कशी उतरते हे प्रयोगाच्या जागेवरून कळते. कापणी झालेल्या शेतात रंगमंच उभारला जातो आणि प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खोदली जाते, त्यामुळे मागच्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून दिसते. रंगमंचावर वरून ध्वनिक्षेपक टांगलेले असतात व संवादाच्या वेळी नट नकळत त्यांच्याखाली सरकतो. पुढे ऑर्गन-तबल्यासह वादक बसतात आणि आडोशाला प्रॉम्प्टर, म्हणजे संहिता हाती धरून नटाला पुढचे वाक्य पुरविणारा माणूस, असतो. एकच नट हंगामात निरनिराळ्या नाटकांत उभा राहतो व तालमी थोड्या होतात, म्हणून या माणसावाचून प्रयोग पार पडणे अवघड. रात्री नऊ-दहाच्या पुढे सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, अंकांच्या मधे नृत्ये होतात, आवडलेल्या गाण्याला पुन्हा मागणी येते आणि कडाक्याच्या थंडीत चादरी-घोंगड्या पांघरून बसलेली कुटुंबे शेवटचा प्रवेश पाहिल्याशिवाय उठत नाहीत. एवढ्या लांबीचे कारण रसिकतेइतकेच व्यावहारिकही आहे, कारण जंगलातील रस्त्याने मध्यरात्री परत जाण्यापेक्षा उजाडेपर्यंत बसणे सोयीचे असते.

मंडईप्रमाणेच शंकरपटानेही या रंगभूमीला प्रेक्षक पुरविला. सरळ धावपट्टीवर बैलजोड्या पळविण्याच्या या शर्यतीला पंचक्रोशी लोटत असे, आणि दिवसा पट व रात्री नाटक असा जोड कार्यक्रम ठरून गेला होता. मोठ्या पटाच्या गावी एकाच रात्री अनेक नाटके समोरासमोर लागत आणि मंडळांच्या अंदाजाची खरी कसोटी तेथेच होई. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा नाटकेही ओसरतील अशी भीती होती. पण नाटकाने पटाचा आधार सुटल्यावरही आपला प्रेक्षक टिकवला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली व १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला, त्यानंतर पट परत आले. मधल्या काळात करोनाच्या साथीने मात्र धंद्याचे मोठे नुकसान केले. नट, वादक आणि मंडप-दिवे पुरविणारे यांची कमाई दिवाळीनंतरच्या हंगामावर अवलंबून असल्याने बुडालेल्या तारखांची भरपाई उन्हाळ्यात होणे शक्य नव्हते.

सिनेमाचा आणि या रंगभूमीचा संबंध शत्रुत्वाचा असेल असे बाहेरच्यांना वाटते, परंतु प्रत्यक्षात नाटकांनी सिनेमातील नृत्ये व चाली मोकळेपणाने उचलल्या आणि दूरचित्रवाणीवर दिसलेल्या पुण्या-मुंबईच्या नटांना फलकावर जागा दिली. ‘झॉलीवूड’ हे या व्यवसायाला थट्टेने मिळालेले नाव तृशांत इंगळे यांनी आपल्या चित्रपटाला दिले व तो जून २०२२ मध्ये प्रदर्शित झाला. झाडीपट्टीच्या नाटकांवर बेतलेला चित्रपट सिनेमाच्या वेळापत्रकाप्रमाणे उन्हाळ्याच्या अखेरीस लागला, तेव्हा धानपट्ट्यात पेरणीपूर्व मशागत सुरू होती, आणि त्या वर्षीच्या मंडईत कोणती कंपनी आणायची हा प्रश्न मंडळांपुढे अजून यायचा होता.