फेअर ट्रेड म्हणजे काय? शेतकऱ्याला किती मिळतं, गिऱ्हाईक किती मोजतं?

कॉफी, चहा, केळी, कापूस अशा मालावर 'फेअर ट्रेड' म्हणजे रास्त व्यापाराचा शिक्का असतो. विदर्भातील काही कापूस उत्पादकांचे गटही या बाजाराशी जोडले गेले आहेत. गटात या, जादा भाव मिळेल, असं सांगितलं जातं. तो भाव कधी, कोणाला आणि किती मालावर मिळतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

सुरुवात कशी झाली?

मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातील लहान शेतकऱ्यांची कॉफी १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये 'मॅक्स हावेलार' या शिक्क्याने विकायला आली. मधल्या दलालांत भाव गळून जाऊ नये, हा हेतू होता. पुढच्याच वर्षी निर्यातीचा कोटा ठरवणारा आंतरराष्ट्रीय कॉफी करार मोडला आणि भाव कोसळले. १९९७ मध्ये अनेक देशांतील अशा संस्थांनी मिळून एक जागतिक संघटना केली.

भाव कसा ठरतो?

यात दोन रकमा असतात. पहिली किमान भाव. धुतलेल्या अरेबिका कॉफीसाठी तो ऑगस्ट २०२३ पासून पौंडाला (सुमारे ४५४ ग्रॅम) १ डॉलर ८० सेंट आहे. बाजार त्याखाली गेला तर हा भाव मिळतो. बाजार वर असेल तर बाजारभाव. दुसरी रक्कम प्रीमियमची, पौंडाला २० सेंट. ती एकेकट्याच्या हातात न जाता संस्थेकडे जाते. गोदाम, रस्ता, शाळा की खत, हे सभासद सभेत ठरवतात.

हमीभाव सरकार जाहीर करतं. हा भाव मात्र खरेदीदाराने शिक्क्यासाठी मान्य केलेला असतो. शिवाय तो संस्थेला मिळतो. वाहतूक, प्रक्रिया आणि तपासणीचा खर्च वजा जाऊन उरलेलं शेतकऱ्याच्या हाती येतं.

खरी मेख कुठे?

संस्थेचा सगळा माल शिक्क्याखाली विकला जाईलच असं नाही. समजा बाजारभाव १ डॉलर २० सेंट आहे आणि १०० पोत्यांपैकी ३० पोतीच शिक्क्याने गेली. उरलेली ७० बाजारभावाने जातात. मग सरासरी १ डॉलर ३८ सेंट पडते, १ डॉलर ८० नव्हे. तपासणीची फी मात्र भरावीच लागते.

मजुरांचं काय, हाही प्रश्न आहे. लंडन विद्यापीठाच्या सोएस या संस्थेने २०१४ मध्ये इथिओपिया आणि युगांडातील अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासलेल्या भागांत फेअर ट्रेड संस्था असूनही शेतमजुरांची मजुरी इतर ठिकाणांपेक्षा चांगली आढळली नाही. मालकाला भाव मिळाला म्हणून मजुराला मिळतोच असं नाही.

गिऱ्हाईक काय मोजतं?

शिक्क्याच्या मालाला दुकानात जास्त पैसे पडू शकतात. पण वरचा सगळा पैसा शेतकऱ्याकडे जात नाही. दुकानदाराने किती नफा घ्यावा, याला शिक्क्याचं बंधन नाही. शिक्का फक्त संस्थेला किमान भाव आणि प्रीमियम मिळाल्याची खात्री देतो.

गटात जाण्यापूर्वी विचारा

• गेल्या हंगामात संस्थेचा किती माल शिक्क्याने विकला गेला?
• तपासणीची फी कोण भरतं, किती?
• प्रीमियम कशावर खर्च झाला? हिशेब सभेत वाचला का?
• बियाणं कोणतं चालतं? फेअर ट्रेडच्या नियमात बीटीसारखं जनुक बदललेलं बियाणं चालत नाही. कापूस उत्पादकांसाठी हा सगळ्यात मोठा बदल ठरतो.

बाजार पडतो तेव्हा फेअर ट्रेड आधार देतो, पण शिक्क्याने विकलेल्या मालापुरताच. त्यामुळे किती भाव देणार यासोबत किती माल उचलणार, हेही लेखी घ्यावं.