वळण घराचं, की घरच्या कामाचं?

वेदगंगेकाठच्या मुरगुडात काय किंवा तालुक्याच्या गावी कागलात काय, पोर हट्टी निघालं, शाळेतून पळून आलं, मारकुटं झालं, की बोलणं थेट खानदानावर जातं. त्यात तथ्य नाही असं नाही. घराचा ठसा मुलाच्या स्वभावावर उमटतोच. प्रश्न एवढाच, की तो उमटवतं कोण? रक्त आणि संस्कार ही नेहमीची दोन उत्तरं. या तालुक्याचा शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर मला तिसरं उत्तर अधिक पटतं: घरातल्या कामाची वाटणी.

शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. नुसती फी माफ करून भागलं असतं, तर दंडाची गरजच नव्हती. पण कुणब्याच्या घरात आठ-दहा वर्षांचं पोर म्हणजे गुरामागं जाणारा, उसाला पाणी पाजणारा, धाकट्याला कडेवर घेणारा एक गडीच. ते शाळेत बसलं की त्याचं काम कुणाच्या तरी अंगावर येणार. दंडाची तरतूद बापाच्या अडाणीपणापेक्षा या हिशेबाला उद्देशून होती, असं मी मानतो.

हा हिशेब मुलाच्या मनात कसा उतरतो, ते आनंद यादवांच्या ‘झोंबी’त दिसतं. यादव १९३५ साली कागलात जन्मले. १९८७ साली आलेल्या या आत्मचरित्राला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पोराला मळ्यात जुंपून बाप स्वतः गावभर हिंडायला मोकळा. आई आणि पोर गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे गाऱ्हाणं नेतात. शाळा का बंद केलीस, असं विचारल्यावर बाप पोराच्या खोडी सांगू लागतो: वैरण विकतो, शेणी विकतो, सिनेमाला जातो, कामात लक्ष नाही. वर्तनाची म्हणून केलेली ही तक्रार मुळात कामाची आहे. शेवटी शाळेला परवानगी मिळते तीही अटींवर: सकाळी मळ्यात राबायचं, तिथूनच शाळा गाठायची, सुटल्यावर गुरं राखायची, आणि काम पडलं तर शाळा बुडवायची. पुढं सौंदलगेकर मास्तर कविता चालीवर म्हणून शिकवतात आणि पोरात पालट होतो. पाणी पाजताना जे एकटेपण त्याला खायला उठायचं, तेच आता हवंसं वाटतं. मोठ्यानं कविता म्हणता येते, म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळ लिहिता येते. घर तेच, बाप तोच, कामही तेवढंच. वाढला तो घराबाहेरचा एक जाणता माणूस.

मोठेपणी आठवून लिहिलेलं पुस्तक हा पुरावा कसा, असं कोणी म्हणेल. एकट्या पुस्तकावर मीही विसंबलो नसतो. पण पार दुसऱ्या टोकाला, हवाईतल्या कवाई बेटावर, १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचे आजार अशा ओझ्याखाली वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं नीट मार्गी लागली, आणि त्यांच्यापाशी बहुधा एखादं भरवशाचं मोठं माणूस होतं. उपजत स्वभावाचाही वाटा वर्नर यांना दिसला, तो नाकारण्यात अर्थ नाही. एकाच घरातली भावंडं वेगळी निघतात हा आक्षेप मात्र मला तितका भारी वाटत नाही. थोरल्याच्या वाट्याला मळा, मधलीच्या वाट्याला धाकट्याचा पाळणा, शेंडेफळाच्या वाट्याला शाळा. चूल एक असली तरी तिघांचं बालपण एक कुठं असतं?

वसतिगृहांचं कोडं अधिक अवघड. शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात जातवार बोर्डिंगं उभी राहू दिली, त्यांना हात दिला. मुलाला घरच्या कामातून सोडवायचं तर घरापासूनच तोडायचं, हा सौदा थोडा क्रूरच. ताटातुटीनं मूल आतून मोडतं, हे जॉन बोल्बी यांनी १९५१ च्या अहवालात ठासून सांगितलं. जातीच्या बोर्डिंगात निदान जेवण, बोली, वडीलधारी माणसं ओळखीची राहत असणार. त्याची किंमतही होती: अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेल्याबद्दल कुंभोजच्या भाऊराव पाटलांना जैन बोर्डिंग सोडावं लागलं. पुढं साताऱ्यात १९२४ साली त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवलं.

आज या तालुक्यात तो जुना हिशेब परक्या मुलांच्या वाट्याला आलाय. गळीत हंगामात बीडकडच्या टोळ्या उतरतात. मजुरीचं माप कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. आईबाप पहाटे फडात गेले की कोपीत तान्हं सांभाळते ती सात-आठ वर्षांची बहीण. तिचं नाव गावाकडच्या शाळेत असतं आणि ती असते इथं. साखरशाळा निघाल्या, बीडमध्ये हंगामी वसतिगृहंही आली. पण तान्ह्याला सांभाळणारं दुसरं कोणी मिळाल्याशिवाय ती मुलगी कोपीतून उठणार नाही, कारण तिला तिथं बसवलंय ते त्या कोयत्याच्या मजुरीनं. ऊस ज्यांचा आणि कारखाना ज्यांचा, त्यांच्यावर त्यासाठी अजून कुठला रुपया दंड बसलेला नाही.