दिल्लीतील सामान्य इंग्रजाची वंशावळ

वंशावळ ही राजेरजवाड्यांची मिरास, अशी आपली समजूत. इंग्लंडात ती खरी नाही. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पाद्र्याला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याची आज्ञा केली, आणि शेतमजुरालाही कागदावर जागा मिळाली. ही सवय कंपनीच्या चाकरांबरोबर हिंदुस्थानात आली. मद्रासच्या १६९८ पासूनच्या, मुंबईच्या १७०९ पासूनच्या आणि बंगालच्या १७१३ पासूनच्या नोंदींच्या नकला आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दिल्लीत मरण पावलेला गोरा शिपाई हुडकायचा तो बंगालच्या बाडांत.

दिल्लीत काश्मिरी दरवाजाजवळ १९०२ मध्ये उभारलेला तारखात्याचा स्मारकस्तंभ आहे. ११ मे १८५७ रोजी तारकचेरीचा प्रमुख चार्ल्स टॉड बिघडलेली तार पाहण्यासाठी यमुनेकडे गेला, तो परतला नाही. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या त्याच्या पोरसवदा मदतनिसांनी अंबाल्याला बातमी धाडली आणि टॉडच्या पत्नीला घेऊन टेकडीवरचा फ्लॅगस्टाफ मनोरा गाठला. एरवी ही माणसे हजेरीपटापलीकडे कुठे उरली असती? एका दिवसाने त्यांना इतिहासात आणले.

ज्याच्या वाट्याला असा दिवस आला नाही, त्याचा वंशजही पित्याच्या बाजूने बराच मागे जाऊ शकतो. नाव, हुद्दा, पलटण, कधी आजाराचे नावही मिळते. वाट अडते ती आईपाशी. ती एतद्देशीय असेल तर पुष्कळदा तिचे नावच नसते. विवाहापूर्वी तिने बाप्तिस्मा घेतला असेल तर नवे ख्रिस्ती नाव तेवढे असते, आणि ज्या नावाने तिच्या माहेरी तिला हाक मारीत ते त्या पाण्यात विरून गेलेले असते. येथे इंग्रजांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्र्यंबकेश्वर वा हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या कितीही पिढ्यांच्या असोत, त्यांतील मुख्य ओळ पुरुषांची. शिवाय आपल्याकडे ताटातल्या तांदळात नवऱ्याने बोटाने नवे नाव लिहिले की वधूचे जुने नाव सासरी संपे.

कंपनीच्या साहेबांची मृत्युपत्रे या बाबतीत अधिक बोलकी आहेत. ‘बिबी’ला घर, दागिने, दरमहा नेमणूक ठेवताना तिचे नाव लिहिणे भागच पडे. पण मृत्युपत्र करण्याजोगी मालमत्ता साध्या शिपायाजवळ क्वचितच असे.