३३५ पोती सिमेंट आणि मूठभर तांदूळ

आपल्या गावात कोरियाच्या कंपनीचा टीव्ही, फ्रीज नाहीतर मोबाईल किती घरांत आहे, हे मोजायला बसलात तर हाताची बोटं पुरायची नाहीत. हा देश एवढा पुढं गेला कसा, असं एका गटातल्या ताईंनी विचारलं होतं. म्हणून आज दक्षिण कोरियाची गोष्ट. कारखान्यांकडे नंतर जाऊ, आधी तिथल्या खेड्यांत जाऊया.

१९५० ते १९५३ अशी तीन वर्षं तिथं लढाई झाली. देशाचे दोन तुकडे त्याआधीच झाले होते. दक्षिणेत उरले डोंगर, भातखाचरं आणि उपाशी माणसं. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर घरातला तांदूळ संपलेला असे आणि शेतातलं जव अजून हिरवं असे. झाडाच्या सालीवर, कंदमुळांवर दिवस काढायचे. या दिवसांना तिकडच्या भाषेत 'जवाचा घाट' म्हणत. घाट ओलांडला की वर्षाचं निभलं.

१९७० साली तिथं पार्क चुंग-ही यांची सत्ता होती. लष्करातला माणूस, बंड करून गादीवर आलेला. त्या वर्षी देशात सिमेंट गरजेपेक्षा जास्त झालं होतं. सरकारनं ते खेड्यांत वाटायचं ठरवलं. सुमारे ३३ हजार गावांना प्रत्येकी ३३५ पोती. अट एकच, घरोघरी वाटून घ्यायचं नाही, गावाच्या कामाला लावायचं. कुठं विहीर बांधली, कुठं धुण्याचा घाट, कुठं पूल, कुठं रस्ता. निम्म्या गावांनी, म्हणजे सुमारे १६,६०० गावांनी, काम चांगलं केलं. पुढच्या वर्षी फक्त त्यांनाच ५०० पोती सिमेंट आणि एक टन लोखंड मिळालं. बाकीच्यांना काही नाही. या मोहिमेचं नाव 'सेमाउल', म्हणजे नवं गाव.

जगभरातले अधिकारी अजून ही सिमेंटची गोष्ट सांगतात. मला ती अर्धीच वाटते. गावकरी फुकट राबले, कारण रस्ता झाला तर माल स्वतःच्याच शेतातून जाणार होता. जमीन त्यांची होती! १९४९ च्या कायद्यानं मालकाला साधारण तीन हेक्टरपेक्षा जास्त शेती ठेवता येईना. जादा जमीन कसणाऱ्याला मिळाली, तीही परवडेल अशा किमतीत. वर्षाच्या पिकाच्या दीडपट किंमत, पाच वर्षांत फेडायची. त्यात सिमेंट वाटलं त्याच सुमारास सरकारनं तांदूळ-जवाचा खरेदी भाव वाढवला आणि शहरात धान्य कमी भावानं विकलं. मधला तोटा सरकारनं सोसला. हातात पैसा आला तो या भावानं. फोटो मात्र सिमेंटच्या पोत्यांचे निघाले.

आता बायकांचं. प्रत्येक गावानं एक पुरुष आणि एक बाई असे दोन पुढारी निवडायचे, असा नियम होता. दोघांनाही पगार नाही. बायकांची मंडळं काही ठिकाणी आधीपासूनच होती. १९६८ पासून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या वाटायला 'माता मंडळं' काढलेली. त्यांनी बचत सुरू केली, पण पैसा कुठून आणणार? मग भात शिजवायला घेताना दर वेळी चमचाभर, मूठभर तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकायचा. महिन्याला सगळ्यांचा गोळा करून विकायचा. त्यातून गावात दुकान निघालं, कुठं मुलं सांभाळायची सोय झाली. पुरुष हिवाळाभर पत्ते आणि दारूत असायचे. बायकांनी गुत्ते बंद पाडले. आपल्याकडे आडव्या बाटलीसाठी मतदान केलेल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

सगळंच गोड नव्हतं. १९७२ मध्ये पार्क यांनी राज्यघटना बदलून सगळी सत्ता हातात घेतली. त्यानंतर मोहिमेत हुकूम वाढले. गवती छपरं काढा म्हणजे काढा, वर पत्रे घाला, त्यासाठी कर्ज घ्या. 'तोंगिल' नावाचं जास्त पिकणारं भाताचं वाण आलं. चवीला लोकांना आवडेना, पेंढा आखूड, थंडीत टिकेना. तरी तेच लावायची सक्ती. दुसरं वाण टाकलं तर अधिकारी रोपं तुडवून जात. देशाला तांदूळ पुरू लागला हे खरं, पण १९८० च्या थंडीत पीक बसलं ते बसलंच.

आणि मुली? त्या शहरात गेल्या. सत्तरच्या आधीपासूनच गावोगाव फेरीवाले बायकांचे लांब केस विकत घेत फिरत. त्या केसांचे टोप अमेरिकेला जात. अमेरिकेनं चीनच्या केसांवर बंदी घातली होती, म्हणून कोरियाचा धंदा वाढला. आईचे केस आणि लेकीची बोटं! पंधरा-सोळा वर्षांच्या मुली सोलमधल्या कारखान्यांत रात्र रात्र बसत आणि पगार गावी पाठवत. बऱ्याचदा तो भावाच्या शाळेच्या फीसाठी असे.

वायएच ट्रेडिंग हा असाच टोपांचा कारखाना. भरात असताना तिथं सुमारे चार हजार कामगार होते. मालकानं पैसा अमेरिकेत नेला आणि १९७९ मध्ये कारखाना बंद केला. ऑगस्टमध्ये पावणेदोनशेहून जास्त मुली विरोधी पक्षाच्या कचेरीत ठाण मांडून बसल्या. मागणी एवढीच, आम्हाला काम द्या. ११ ऑगस्टला मध्यरात्रीनंतर पोलीस आत घुसले. त्यात किम ग्यॉंग-सुक ही २१ वर्षांची कामगार मुलगी मेली. देश पेटला. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला संसदेतून काढलं, तेव्हा बुसान आणि मासान या शहरांत लोक रस्त्यावर आले. २६ ऑक्टोबरला पार्क यांच्याच गुप्तहेर खात्याच्या प्रमुखानं त्यांना जेवणाच्या बैठकीत गोळी घातली.

सेमाउलची कागदपत्रं २०१३ मध्ये युनेस्कोनं जगाच्या ठेव्यात नोंदवली. टोपांचा तो कारखाना पुन्हा उघडला नाही. त्यात काम केलेल्या मुली आज सत्तरीच्या आसपास आहेत.