निराळ्या चुली, एकच पंगत

आमचे सांबरा गाव दूरच्या लोकांना ठाऊक आहे ते विमानतळामुळे. बेळगावापासून दहा-बारा किलोमीटरांवरचे हे गाव. आज येथून मुंबई जवळची वाटते. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या पंचक्रोशीतील कुणब्याच्या मुलाला बेळगावची किंवा कोल्हापूरची इंग्रजी शाळा फार लांब होती. फीचे पैसे एखादा नातलग उसने देई. अडे ते निराळ्याच ठिकाणी. शहरात रात्री पाठ कोठे टेकावयाची आणि दोन वेळची भाकरी कोणी घालावयाची? या एका प्रश्नापाशी कित्येक हुशार मुलांचे शिक्षण संपले. तो प्रश्न सोडविण्यासाठी आपल्या भागातील निरनिराळ्या समाजांनी आणि संस्थांनी काय केले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

या कथेचा एक धागा आपल्या उंबरठ्यापाशीच सुरू होतो. निपाणीहून बेळगावकडे येताना स्तवनिधीचा घाट लागतो. त्या क्षेत्री 1899 साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. समाजाने शिकले पाहिजे, आणि त्यासाठी मुलांची राहण्याजेवण्याची सोय समाजानेच केली पाहिजे, हा विचार या सभेने उचलला. पुढे कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी अशा ठिकाणी तिची बोर्डिंगे उभी राहिली. शेतकऱ्यांच्या व लहान व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून ती चालत.

याच सुमारास कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराज याच प्रश्नाशी झगडत होते. 1896 साली त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक वसतिगृह काढून पाहिले. दार सर्वांना उघडे होते. परंतु थोड्याच वर्षांत असे दिसून आले की, त्या दारातून आत जाणारी मुले जवळजवळ एकाच वर्गाची आहेत. शिक्षणाची परंपरा ज्यांच्या घरात होती, त्यांनाच त्या सोयीचा उपयोग करून घेता आला. बहुजन समाजाची मुले बिचकून बाहेरच राहिली. तेव्हा महाराजांनी दिशा बदलली. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागून जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत आणि आम्हां ख्रिस्ती लोकांचेही वसतिगृह उभे राहिले. 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. 1922 साली महाराज निवर्तले, तोपर्यंत अशी सुमारे वीस वसतिगृहे निघाली होती. कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, ते काही उगाच नव्हे.

यातील कामाची वाटणी लक्षात घेण्याजोगी आहे. दरबाराने जागा द्यावी, इमारतीस हात लावावा, सालीना नेमणूक करून द्यावी. आणि रोजचा कारभार मात्र त्या त्या समाजाच्या पंचांनी पाहावा. दरबाराच्या मदतीशिवाय या संस्था फार काळ तगल्या नसत्या, आणि पंचांच्या आपुलकीवाचून ती निव्वळ सरकारी खाती झाली असती. खेड्यातून आलेल्या मुलाला तेथे आपली बोली बोलणारा, ताप आला तर कपाळाला हात लावणारा माणूस भेटे. मुलाचे कल्याण म्हणतात ते पुष्कळदा एवढ्यावरच अवलंबून असते.

येथे एक आक्षेप निघतो आणि तो खरा आहे. प्रत्येक जातीची चूल निराळी मांडली, तर भेद मिटणार कसे? मुलगा विद्या घेऊन बाहेर पडेल, परंतु सोबत जातीचा शिक्काही अधिक ठळक करून नेईल. या आक्षेपाचे उत्तर याच वसतिगृहांतून निघालेल्या एका विद्यार्थ्याने दिले.

कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. एका वसतिगृहातून दुसऱ्यात पाऊल टाकल्याची ही शिक्षा! आपल्या समाजाच्या मुलांना ज्यांनी मायेने जेवू घातले, त्यांचीच माया शेजारच्या दाराशी जाऊन थबकली. भाऊरावांनी हा अनुभव फुकट घालविला नाही. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंगतीस बसत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले, आणि त्यास नाव दिले गेले ते छत्रपती शाहूंचे. निराळ्या चुली मांडणाऱ्या राजाचे नाव एका पंगतीच्या घराला मिळाले, यात मला विसंगती वाटत नाही. पहिली पायरी नसती, तर दुसरीवर पाय ठेवणार कोण?

आता पुन्हा निपाणीस येऊ. एप्रिल 1925 मध्ये या तंबाखूच्या पेठेत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आदल्याच वर्षी, 20 जुलै 1924 रोजी, मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली होती आणि वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हा तिचा एक प्रमुख उद्देश होता. सोलापुरास आणि पुढे धारवाडास अशी वसतिगृहे निघाली. या सभेची घडण पाहा. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड. उपाध्यक्षांत मेयर निसीम हे यहुदी, रुस्तुमजी जिनवाला हे पारशी, शिवाय रँग्लर परांजपे आणि बाळासाहेब खेर. तथापि प्रत्यक्ष कार्यकारी मंडळाची सूत्रे बाबासाहेबांच्या हाती होती. मदतीचा हात कोणाचाही चालेल, परंतु ज्यांच्या मुलांचा प्रश्न आहे त्यांनीच सुकाणू धरावे, हे सूत्र त्यात होते. संस्थांच्या सहकार्याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही.

माझी स्वतःची एक आठवण सांगतो. मी एका धर्मसंस्थेच्या वसतिगृहात राहून शिकलो. त्या काळी संध्याकाळी वीज तासन् तास जाई. आमच्याकडे एक गॅसबत्ती होती. शेजारच्या दुसऱ्या समाजाच्या वसतिगृहात तीही नव्हती. परीक्षेच्या दिवसांत तेथील मुले आमच्या ओसरीवर येऊन बसू लागली. रॉकेल आमच्या वर्गणीचे आहे, अशी तक्रार घेऊन मी आमच्या रेक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "सहाजण वाचोत की सोळा, बत्तीला रॉकेल तेवढेच लागते." दुसऱ्या दिवशी ती मुले रॉकेलची बाटली घेऊन आली. मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. मात्र त्या ओसरीवर जुळलेली मैत्रीही टिकून आहे.

आज काळ बदलला आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि आमच्या आयुष्यातून एक सीमारेषा गेली. तरी निपाणीच्या वेशीवरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्राच्या हद्दीत, अर्जुननगरला आहे आणि निपाणीची मुले रोज ती रेषा ओलांडून शिकावयास जातात. मुलांच्या भुकेला आणि हौसेला सीमा कळत नाही. मुलांचे प्रश्नही नवे आहेत. भाकरी पुष्कळांना मिळते. परंतु मनातले बोलावे असा माणूस मिळत नाही. माझ्या वर्गातील एखादा मुलगा मधूनच येईनासा होतो. मी घरी जातो, तेव्हा कधी बापाचे कर्ज, कधी आईचे आजारपण, कधी नुसतीच गप्प बसलेली निराशा दिसते. एका शिक्षकाला हे पेलत नाही, एका संस्थेलाही नाही.

आपल्या गावोगावी संस्था आहेत. कोणाकडे रिकामी खोली आहे, कोणाकडे वाचनालय, कोणाकडे डॉक्टर, कोणाकडे महिला मंडळाचे स्वयंपाकघर. प्रत्येकाचा फलक निराळा असो, देवही निराळा असो. महिन्यातून एकदा एकत्र बसून त्यांनी एवढेच विचारावे की, या महिन्यात कोणते मूल शाळेतून, वसतिगृहातून किंवा घरातून आपल्या नजरेआड झाले? त्याच्या घरी कोण जाणार? मदत उभी करणे त्यानंतरचे काम, आणि ते आपल्या वाडवडिलांनी याहून गरिबीत करून दाखविले आहे. निराळ्या चुली त्यांनी पेटविल्या. पंगत एक करण्याचे काम त्यांनी अर्धे केले. उरलेले अर्धे आपल्याकडे आले आहे.